भाताच्या लोंबीची नंबरप्लेट

सिंगापुरात स्वतःची गाडी नसताना दुसऱ्यांच्या गाड्यांना सर्वांत जास्त उपद्रव कोणी दिला असेल, तर तो माझ्या साडूंनी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मला ते पहिल्या भेटीपासून आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज नको. पहिल्या भेटीत ते मला घ्यायला चांगी विमानतळावर आले होते. "या, साडूभाऊ" असं म्हणून त्यांनी माझी बॅग उचलली. आपण टॅक्सीने घरी जाणार असं मी समजत होतो. त्यांनी मला आधी पार्किंगमध्ये नेलं आणि तासभर हिंडवून लोकांच्या गाड्यांचे नंबर दाखवले. "हा बघा, बेरीज नऊ. हा इसम सुखी असणार. आणि हा आठवाला, याचं घरात पटत नसणार." मग आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, वुडलँड्सला त्यांच्या घरी गेलो.

हा माणूस तुआसला क्रेनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघायचा. जन्म गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. आयुष्यात मातीशी संबंध आला तो तुळशीच्या कुंडीतला, आणि तिलाही पाणी घालायची ती आई. पण बोलायला लागले की बारा बैलांचं औत कालच सोडून आलेत असं वाटावं. आमच्या घरी, मरीन परेडला, जेवायला बसले की ताटातल्या प्रत्येक पदार्थाचं कूळ सांगायचे. भेंडी कुठल्या जमिनीत येते, तूर कधी टोचतात, अळूला किती सावली लागते. माझी बायको "हो का, भावजी?" म्हणत राहायची आणि पोळ्या गार व्हायच्या. बरं, त्यातलं खरं किती हे तपासायला आमच्यापैकी कोणाला शेतीचं काय कळत होतं? मी बँकेत, बायको ऑडिटमध्ये, आणि भाजी आमच्याकडे प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये गुंडाळून येते. त्यामुळे ते बिनधास्त बोलत आणि आम्ही बिनधास्त जेवत.

या साध्या, निरुपद्रवी बडबडीला विषारी फळ आलं ते साडू अमेरिकेला जाऊन आल्यावर. पुतण्याच्या लग्नाला गेले होते. लोक अमेरिकेतून चॉकलेटं आणतात, टॉर्च आणतात, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणतात. आमचे साडू नंबरप्लेटींचे फोटो घेऊन आले. तिकडे म्हणे थोडे जास्त पैसे भरले की आपल्या गाडीला खास प्लेट मिळते. तिच्यावर शेताचं किंवा कणसाचं चित्र असतं आणि ते जास्तीचे पैसे शाळेतल्या मुलांना शेती शिकवायला जातात. एका दुकानाबाहेर हे असल्या एका प्लेटीपुढे उकिडवे बसून इतका वेळ फोटो काढत होते की गाडीचा मालक धावत बाहेर आला आणि त्याला वाटलं आपली गाडी चोरीला चालली. पुतण्याने कशीबशी समजूत घातली. साडूंना मात्र त्या मालकाचं भारी कौतुक. "केवढा मोठा माणूस हो! रोज ऑफिसला जाता येता पोरांच्या शेतीला हातभार लावतो आणि वर तोंडातून अवाक्षर नाही." त्या बिचाऱ्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही ते भीतीने, हे त्यांना कोण सांगणार!

परत आल्यावर त्यांनी ठरवलं की अशी प्लेट सिंगापुरात आलीच पाहिजे. इथे नंबरप्लेट कशी असावी, अक्षर केवढं असावं, रंग कोणता असावा, हे सगळं कडक नियमात बसवलेलं आहे. चित्र सोडा, जास्तीचं एक टिंबही चालत नाही. आवडीचा नंबर हवा तर बोली लावून घ्या, पण त्यावर भाताची लोंबी डोलणार नाही. हे शेंबड्या पोराला कळेल. यांना कळलं नाही. यांनी वाहतूक खात्याला ईमेल पाठवायला सुरुवात केली. खात्याकडून दर वेळी सभ्य उत्तर यायचं, की आपल्या सूचनेबद्दल आभार, आम्ही तिची नोंद घेतली आहे. सिंगापुरात राहणाऱ्या कोणालाही याचा अर्थ समजतो. पण आमच्या साडूंचे कान तयार झाले ते मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांत, जिथे कोणी उत्तर दिलं हाच चमत्कार. ते मला ताठ मानेने म्हणाले, "तत्त्वतः मान्य झालंय. आता फक्त अंमलबजावणी." पुढची दोन वर्षं ते अंमलबजावणीची वाट बघत होते. मी त्यांना विचारायचो, "काय साडूभाऊ, आली का अंमलबजावणी?" ते म्हणायचे, "एवढ्या मोठ्या देशाचा कारभार, वेळ लागतोच." या देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात त्यांचं नुसतं माझ्या बायकोशी भेंडीवरचं बोलणं व्हायचं.

बरं, प्लेटीच्या पैशांतून ज्या मुलांना शेती शिकवायची, ती मुलं कुठाहेत? तर त्यांची सोय यांनी आधीच करून ठेवली होती. वुडलँड्सला त्यांच्या ब्लॉकच्या मागे रहिवाशांची सामाईक बाग आहे. तिथला एक वाफा त्यांनी मिळवला आणि दर रविवारी सकाळी मराठी मुलांचा शेतीवर्ग सुरू केला. माझी मुलगी सानिका तेव्हा नऊ वर्षांची. बायकोने तिला वर्गात घातलं, कारण भावजींचं मन कसं मोडायचं? मला दर रविवारी मरीन परेडहून वुडलँड्सपर्यंत, म्हणजे बेटाच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला, गाडी हाकावी लागे.

पहिल्या रविवारी वर्गाचा विषय होता माती. साडूंनी मातीवर असं गुऱ्हाळ लावलं की ऊन डोक्यावर आलं, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या, आया ओले रुमाल घेऊन पंखे हलवत बसल्या, आणि शेवटपर्यंत एकाही मुलाने मातीला हात लावला नाही. दुसऱ्या रविवारी विषय होता मातीचाच, उत्तरार्ध. बोलताना त्यांचं तोंड पालकांकडे आणि पाठ वाफ्याकडे असायची, ही सवय त्यांची शेवटपर्यंत सुटली नाही. मुलं मात्र हुशार. यांचं भाषण चालू असताना ती यांच्या पाठीमागे जाऊन खणायची, रोपं लावायची, गोगलगाई वेचायची. त्या वर्गात जी काही शेती झाली ती यांच्या पाठीमागे झाली.

पालकाच्या भाजीवर आणि चवळीवर भागलं असतं. पण नाही, भातच हवा. "ज्याची प्लेट, त्याचं पीक," हा त्यांचा हट्ट. मोठाले टब आणले, त्यांत चिखल केला, रोपं लावली, पाणी भरून ठेवलं. सिंगापुरात एक वेळ माणूस उपाशी ठेवलेला चालेल, पण पाणी साठवून ठेवलेलं चालत नाही. डासांच्या अळ्या सापडल्या की दंड. आठवड्याभरात हातात टॉर्च घेतलेला निरीक्षक टबांमध्ये वाकून बघत होता. आमच्या साडूंनी त्याला भातशेतीची महती सांगायला सुरुवात केली. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, राइस व्हेरी नाइस, बट मॉस्किटो ऑल्सो व्हेरी नाइस." मग यांनी टबांत गप्पी मासे सोडले. मासे अळ्या खायला लागले, निरीक्षक खूश झाला, आणि मुलं भात सोडून माशांची नावं ठेवण्यात गुंतली. सानिकाच्या माशाचं नाव मिस्टर तुआस होतं.

होता होता वर्ग ओसरू लागला. कोणाची गणिताची शिकवणी रविवारी आली, कोणाचं पोहणं, कोणाचं कोडिंग. आया फोन करून सांगायच्या, "सॉरी काका, एक्झाम इयर आहे ना." इथे बालवाडीलाही एक्झाम इयर असतं. बागेच्या समितीच्या प्रमुख एक निवृत्त चिनी बाई होत्या, सगळे त्यांना आंटी म्हणत. वाफ्यासाठी रांगेत पुष्कळ लोक उभे होते. आंटींनी साडूंना स्पष्ट सांगितलं, की भात कापायच्या दिवशी मी समितीला घेऊन येते. मुलं दिसली आणि काहीतरी शिकलेली दिसली, तर वाफा तुमचा. नाहीतर पुढच्या माणसाला देणार. त्या दिवशी साडू आमच्याकडे जेवायला आले आणि भेंडीबद्दल काहीही बोलले नाहीत. बायको घाबरून मला म्हणाली, "अहो, भावजींना बरं नाहीये का?" बरं होतं. पण तो वाफा जाईल या विचाराने तो माणूस आतून खचला होता. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही, पण मी त्यांना दुसऱ्यांदा आमटी वाढली.

खचलेला माणूस गप्प बसेल तर ते आमचे साडू कसले? खातं प्लेटा देत नाही ना, मग आपणच काढू. ते पलीकडे मलेशियात जोहोरला गेले आणि तिथल्या एका छपाईच्या दुकानातून चकचकीत प्लेटांचा गठ्ठाच घेऊन आले. पांढऱ्या प्लेटीवर सोनेरी कणीस, खाली मोठ्या अक्षरांत "शेती शिकू द्या", आणि त्याच्याखाली इंग्रजीत "किड्स कॅन फार्म". गाडीला लावणं बेकायदा, हे त्यांनाही मान्य होतं. म्हणून त्यांनी फर्मान काढलं, की ज्याला चाकं आहेत आणि नोंदणी लागत नाही, त्या सगळ्याला ही प्लेट शोभते. बाबागाडी, सायकल, बाजाराची ट्रॉली, व्हीलचेअर. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी साडूंच्या चिकाटीपुढे हात टेकून प्लेटा घेतल्या. एका बँकवाल्याने ऑफिसच्या फिरत्या खुर्चीला लावली. पैसे खत आणि बियाण्यासाठी. प्रत्येक जण प्लेट हातात घेऊन म्हणायचा, "वा, काय सुंदर लोंबी आहे!" मीही म्हणालो. म्हटल्याशिवाय ते जात नसत.

दसऱ्याला त्यांनी आपल्या ब्लॉकच्या बहुमजली पार्किंगमध्ये वाहनपूजा ठेवली. स्वतःला वाहन नसल्याने ते सगळ्यांच्या वाहनांची पूजा करत. आग लावायची परवानगी नाही म्हणून निरांजन बॅटरीचं होतं. लिटल इंडियातून झेंडूच्या माळा आणल्या होत्या. माझ्या गाडीला त्यांनी जरा जास्तच मनापासून सजवलं. मी नारळ फोडला, पेढा खाल्ला आणि घरी निघालो. एक्स्प्रेसवेवर मागून पोलिसाची मोटरसायकल आली आणि मला कडेला घेतलं.

"सर, युअर नंबरप्लेट व्हेअर?"

"बिहाइंड," मी म्हणालो.

"बिहाइंड वन इज फार्मिंग, सर."

उतरून बघतो तर माझ्या नंबरप्लेटीवर डबल टेपने सोनेरी कणीस चिकटवलेलं. त्याच्या बाजूने झेंडू. पोलिसाने मला ती नखांनी सोलून काढायला लावली. रस्त्याच्या कडेला, ऊन मी म्हणत असताना, सिल्कच्या झब्ब्यात, मी टेप खरवडत बसलो होतो आणि जाणाऱ्या बसमधले लोक बघत होते. सुदैवाने तो भला माणूस निघाला. ताकीद देऊन सोडलं. घरी पोचताच मी साडूंना फोन लावला आणि आयुष्यात जे बोललो नव्हतो ते सगळं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण त्याने वाचली का पूर्ण?"

दीड महिन्याने भात कापायचा दिवस आला. मी जाणार नव्हतो, पण सानिकाला कोण नेणार? वाफ्याजवळ आंटी आणि समितीचे दोघेतिघे उभे होते, बाजूला आम्ही पालक आणि मंडळातले काही जण. मुलं जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. साडूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. टबांवरची पाखरांसाठी घातलेली जाळी काढली. दसऱ्याला जे भात नुसतं पोटरीत होतं, म्हणजे कणीस अजून पानाच्या आतच लपलेलं होतं, ते आता पिवळं होऊन वाकलं होतं. खरं सांगतो, आयुष्यभर रोज दोन वेळा भात खाल्ला, पण तो असा दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. साडूंनी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे पाठ केली, समितीकडे तोंड केलं, आणि हातात प्लेट उंच धरून भाषण सुरू केलं. "धिस इज द राइस पॅनिकल, द सिंबॉल ऑफ अवर..."

"काका," सानिका म्हणाली.

"थांब गं बाळ. द सिंबॉल ऑफ अवर..."

"काका, दॅट वन नॉट राइस लाह. दॅट वन व्हीट." इथल्या पोरांच्या इंग्रजीला हे 'लाह'चं शेपूट असतंच. तिने कापलेली लोंबी हातात धरून प्लेटीशेजारी नेली. "सी, तुमचं सरळ उभं आहे, एकच दांडा, आणि त्याला लांब लांब केस आहेत. आपल्या भाताला फांद्या फुटतात, आणि केस नाहीत. ही ओंबी आहे, काका. गव्हाची. तुम्हीच तर सांगितलं होतं."

बाकीची मुलं पुढे सरसावली. "येस लाह, व्हीट!" "काका, यू प्रिंट राँग लाह!" एकाने तर साडूंच्या हातातली प्लेटच ओढून घेतली आणि समितीसमोर दोन्ही गोष्टी एकत्र धरून फरक समजावून सांगायला लागला. आम्ही मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत होतो. इंजिनिअर, बँकर, ऑडिटर, सगळ्यांनी ती प्लेट पैसे देऊन घेतली होती. सगळ्यांनी "काय सुंदर लोंबी" म्हटलं होतं. सकाळी पोळी आणि दुपारी भात खाणाऱ्या आमच्यापैकी एकालाही आपण काय चिकटवून फिरतोय ते कळलं नव्हतं. खुर्चीला प्लेट लावणारा बँकवाला हळूच मागच्या मागे सटकला.

मला वाटलं, संपलं. आता या माणसाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी मनातल्या मनात वाक्यंही जुळवायला लागलो होतो, परत जाताना बायकोला ऐकवायला. पण साडूंकडे बघितलं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. त्यांनी भर उन्हात माझा दंड धरला आणि गदागदा हलवला.

"ऐकलंत का, साडूभाऊ? शिकली हो! पोरं शिकली! मला नाही कळलं, पण त्यांना कळलं!"

जो माणूस सगळ्यांसमोर एवढा तोंडघशी पडला, त्याला त्यातलं स्वतःचं पडणं दिसतच नव्हतं. माझ्यात हे कधी येणार नाही, एवढं मला तिथल्या तिथे कळलं. आंटींनी समितीकडे बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "ओके. प्लॉट यू कीप."

दुसऱ्या प्लेटा छापायला त्यांनी साफ नकार दिला. "गहूच राहू दे," ते म्हणाले. पुढे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी काही न सांगता ती प्लेट दाखवायची आणि विचारायचं, हा भात आहे का? भात पिकेपर्यंत जो "नाही" म्हणायला शिकेल तो पास. जगात कुठेही चुकीच्या चित्रावर एवढी चांगली परीक्षा घेतली जात नसेल. माझी प्लेट त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या काचेत आतून ठेवली. मी काढली नाही. विसरलो म्हणून काढली नाही, असं मी बायकोला सांगतो.

या वर्षी त्यांच्या कंपनीने इथलं काम आवरलं आणि साडू आणि ताई ठाण्याला परत गेले. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. यावेळी मीच त्यांना पार्किंगमध्ये थोडं हिंडवलं. त्यांनी दोनचार नंबरांच्या बेरजा केल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. "वाफ्यात पाणी बदलायला सांगा," एवढंच म्हणाले.

वर्ग आंटी चालवतात. आता त्यात चिनी, मलय, तमिळ, सगळी मुलं आहेत, मराठी दोनच. सानिका मोठी झाली तरी दर रविवारी जाते, आणि तिला नेण्याच्या निमित्ताने मीही जातो. मागच्या रविवारी आंटींनी ती प्लेट उंच धरली आणि विचारलं, "धिस वन लोंबी ऑर नॉट?" एक नवा चिमुरडा जोरात ओरडला, "राइस!" बाकीची मुलं हसली. मी हसलो नाही. मी खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा प्लेटीकडे बघितलं.

त्या संध्याकाळी ठाण्याहून त्यांचा फोन आला. दर रविवारी येतो.

"काय साडूभाऊ, आज कोणी फसलं का?"

"फसलं एक जण."

"अरे वा! म्हणजे वर्ग चालूच राहायला हवा." बाल्कनीत टबात भात लावलाय, कबुतरं खातात, म्हणाले. "इथे कोणाला दाखवणार? सगळ्यांना वाटतं गवत आहे."

एरवी मी यावर काहीतरी टोमणा मारला असता. मी "हं" म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी बाल्कनीतून खालच्या गाड्यांच्या नंबरांच्या बेरजा करत बसलो. बायकोने विचारलं, "काय करताय?" मी म्हणालो, "काही नाही." साडू इथे असायला हवे होते, बाकी काही नाही.